पार्श्वभूमीतला तिसरा खंड

ग्रंथालय हा समाजाचा आरसा असतो, असं प्रत्येक ग्रंथालयाच्या उद्घाटनाला कोणी ना कोणी म्हणतंच. फरक इतकाच, की आरशासमोर लोक थांबतात.

आखाती मराठी ग्रंथोपासक मंडळाचं ग्रंथालय दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या पोटमाळ्यावर होतं. कारखाना मंडळाचे अध्यक्ष अनिल वाघधरे यांचा. खाली मशीन सुरू झालं, की वर कवितांचा विभाग थरथरायचा. (कादंबऱ्या वजनदार असल्यामुळे स्थिर असत.) पुस्तकं कोणी विकत आणलेली नव्हती. व्हिसा संपवून कायमचे घरी परतणारे लोक जे मागे ठेवून जातात, त्यातून ती साठली होती. मंडळ पुस्तकं स्वीकारत असे आणि इस्त्री, मिक्सर, कुकर नम्रपणे नाकारत असे. एक पाच लिटरचा कुकर मात्र नजरचुकीने ‘संकीर्ण’ विभागात दाखल झाला होता, आणि ग्रंथालयात सर्वाधिक मागणी त्यालाच होती.

उर्मिला तांबवेकर या ग्रंथालयाची मानद ग्रंथपाल होती. मानद म्हणजे बिनपगारी, आणि ग्रंथपाल म्हणजे एसीचा रिमोट जिच्याजवळ असतो ती. आठवडाभर ती एका फ्रेट कंपनीत मालाच्या कागदपत्रांवर मान मोडायची आणि शनिवार-रविवार पोटमाळ्यावर यायची. कपाटांची विषयवार मांडणी तिने एकटीने केली होती. त्याबद्दल मंडळाने तिचा सत्कार करायचं दोनदा ठरवलं होतं.

ग्रंथालयात कोण कशासाठी येतं, याचीही तिने पाहणी केली होती. शंभरातले वीस जण पुस्तकासाठी येत. उरलेल्या ऐंशींत शेजारच्या कराटे क्लासमधून मुलं सुटायची वाट बघणाऱ्या आया होत्या, फोन चार्ज करणारे होते, आणि आठ जणांच्या खोलीत झोप पुरी न झाल्यामुळे इथे टेबलावर डोकं टेकणारे होते. पलीकडच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा, महाडचा अर्सलान, बायकोशी फोनवर भांडायला येत असे. खोलीत चार माणसांसमोर भांडणं त्याला प्रशस्त वाटत नसे. त्याच्यासारख्यांसाठी उर्मिलाने प्रवासवर्णनांच्या कपाटामागे एक खुर्ची ठेवली होती. भांडून झालेला माणूस जाताना ओशाळून एखादं पुस्तक घेऊन जाई, आणि ओशाळेपणातच वाचूनही टाकी. मराठी वाचनसंस्कृतीचा विस्तार बव्हंशी असाच झालेला आहे.

वार्षिक अहवालात अध्यक्षांनी या सर्वांची नोंद ‘वाचक’ अशी एकाच शब्दात केली होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना अध्यक्ष मुलाकडे अमेरिकेला गेले.

तिथे सूनबाई गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात केकचं भांडं परत करायला गेल्या, तेव्हा अध्यक्ष सोबत होते. ग्रंथालयातून केकचं भांडं मिळतं, हा पहिला धक्का. दुसरा धक्का भिंतीवर होता. कोणा छायाचित्रकाराने देशभर फिरून सार्वजनिक ग्रंथालयांचे फोटो काढले होते आणि त्यांचं प्रदर्शन लागलं होतं. खांबांची राजवाड्यासारखी ग्रंथालयं होती, एका खोलीची लाकडी होती, एक मॉलमध्ये होतं, एक बसमध्ये होतं. कुठे नोकरी गेलेली माणसं अर्ज भरत होती, कुठे बेघर म्हातारे थंडीपासून ऊब घेत बसले होते. एक तर फळ्या ठोकून बंद केलेलं होतं, त्याचाही फोटो होता. अध्यक्षांना गहिवरून आलं. फ्रेम फार उत्तम होत्या.

परतल्यावर ते थेट पोटमाळ्यावर आले.

“उर्मिला, तिकडे लायब्ररीतून मासे पकडायचा गळ मिळतो, गळ! रीतसर इश्यू करतात.”

“आपल्याकडे कुकर आहे,” उर्मिला म्हणाली.

“तेच म्हणतोय मी! व्हरायटी आपल्याकडेही आहे. फक्त फोटो नाहीत.”

कार्यकारिणीच्या बैठकीत ‘अमिरातीतील मराठी ग्रंथालये : वैविध्य आणि बदलती भूमिका’ या छायाचित्र-प्रदर्शनाचा ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांनी खर्चाचा आकडा आधी दिरहममध्ये सांगितला आणि मग रुपयांत मोठ्याने बदलून सांगितला, कारण रुपयांत औदार्य जास्त दिसतं. फोटो काढण्याचं काम ओवेस परकारकडे सोपवण्यात आलं.

ओवेस मूळचा दापोलीकडच्या घराण्यातला, पण जन्म आणि शाळा दोन्ही दुबईतल्या देऱ्याची. फुजैरा बंदरात जहाजांना झालेल्या नुकसानीचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. विमावाल्यांना पोचा, तडा, गंज हे सगळं स्पष्ट दिसावं लागतं, त्यामुळे त्याला सुंदर फोटो काढायची सवय नव्हती, खरे काढायची होती. ही त्रुटी मंडळाच्या वेळीच लक्षात आली नाही. मानधनाचं विचारल्यावर अध्यक्ष “इन्शाल्ला” म्हणाले. अध्यक्षांच्या तोंडी हा शब्द आला की काय समजायचं, हे ओवेसला ठाऊक होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

तो आणि उर्मिला दोन शनिवार-रविवार फिरले. फुजैऱ्यात एका टर्मिनलच्या मेसमध्ये जहाजांवरून उतरलेल्या पुस्तकांची फळी होती. तीत मराठी पुस्तकं तीन, त्यांतलं एक पोलीसभरतीचं मार्गदर्शक. देऱ्यात सहा जणांच्या खोलीत एका पलंगावर लोंबती फळी होती. तिचे मालक हमदुल्ला सर्वे हे श्रीवर्धनचे वयस्कर गृहस्थ. लाकडी गलबतांनी माल पाठवणाऱ्या एका दलालाच्या कचेरीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मंडळाच्या ग्रंथालयात मेट्रो आणि बस बदलत येऊन पुस्तक नेणारे आणि ठरल्या तारखेला परत आणणारे ते एकमेव सभासद होते. त्यांच्या फळीवरची पुस्तकं खोलीतले बाकीचे पाच जणही वाचत. उर्दू येणारे मराठी शिकले होते, कारण पर्याय नव्हता.

ओवेसने हे सगळं टिपलं. आपल्या पोटमाळ्याचेही फोटो काढले. टेबलावर झोपलेला माणूस, कुकर घेऊन जिना उतरणारी बाई, आणि प्रवासवर्णनांच्या फटीतून दिसणारा, फोन कानाला लावून डोळे पुसणारा अर्सलान. सवयीने त्याने फोटोंवर गंजलेल्या जागी लाल बाणही काढले होते.

कार्यकारिणीने फोटो पाहिले.

“हे काय आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“लायब्ररी, सर.”

“वाचतंय कोण यात?”

“हा वाचतोय, सर.”

“हा झोपलाय.”

“नाही सर, हा वाचतोय. झोपलेला पुढच्या फोटोत आहे. मान खाली घातली की दोघं सारखेच दिसतात.”

फोटो फेटाळण्यात आले. कारणं तीन देण्यात आली : फोटोंत उत्साह नाही, फोटोंत कार्यकारिणी नाही, आणि फोटोंत ग्रंथालय जसं आहे तसं दिसतं. तिसऱ्या कारणावर सर्वाधिक चर्चा झाली. शेवटी मंडळाच्याच ग्रंथालयात, योग्य त्या सुधारणा करून, नव्याने फोटो घ्यायचं ठरलं.

सुधारणा म्हणजे पुस्तकांची रंगवार मांडणी. फिकट, उसवलेली आणि पाठ फाटलेली पुस्तकं कारखान्याच्या खोक्यांत भरून खाली माल चढवायच्या फलाटावर नेण्यात आली. (पाठ फाटायला पुस्तक बरेचदा उघडावं लागतं, त्यामुळे वाचली गेलेली झाडून सगळी गेली.) उरलेली लालपासून निळ्यापर्यंत लावली. ज्ञानेश्वरीवरचं भाष्य, मधुमेहींसाठी पाककृती आणि आयकर कायदा हे तिघे निळे असल्यामुळे शेजारी आले. उर्मिला बारा महिन्यांच्या बाळाचे केस कापताना आई बघते तशी बघत उभी होती. “फ्रेममधून जरा बाजूला हो,” असं तिला सांगण्यात आलं.

फोटोच्या दिवशी सभासदांची मुलं झब्बे आणि परकर-पोलकी घालून आली. अध्यक्षांची पुतणी रिद्धी हिच्या हाती एक जाड पुस्तक देण्यात आलं.

“डू आय हॅव टू ॲक्चुअली रीड इट?” तिने विचारलं.

“छे गं! नुसतं बघ त्याच्याकडे,” अध्यक्षांनी धीर दिला.

त्याच गडबडीत दर्शना नावाची एक मुलगी लॅपटॉप घेऊन निळ्या कपाटासमोर बसली होती. तिची नोकरी सुटली होती, खोलीत जागा नव्हती, आणि मुलाखत ऑनलाइन होती. उर्मिलाने मुलांना गप्प केलं आणि तिला बसू दिलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “मागची ती पुस्तकं तुमची?” दर्शना “हो” म्हणाली. दुसरा प्रश्न विचारण्याची गरज भासली नाही. आठवड्यात तिला नोकरी लागली.

ही बातमी व्हॉट्सॲपवर गेली, आणि ग्रंथालयाची भूमिका खरोखरच बदलली.

लोक येऊ लागले. मुलाखतीसाठी, ऑफिसच्या मीटिंगसाठी, लग्न जुळवताना पहिल्या व्हिडिओ कॉलसाठी. ज्यांनी पोटमाळ्याचा जिना कधी पाहिला नव्हता, ते गल्लीत गाडी लावायला जागा नाही म्हणून तक्रार करू लागले. मंडळाने ‘पार्श्वभूमी विभाग’ सुरू केला आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या. प्रवासवर्णनांच्या मागच्या खुर्चीजागी चेहरा उजळवणारा गोल दिवा आला, आणि अर्सलान भांडायला खाली फलाटावर जाऊ लागला. पूर्वी शंभरातले वीस लोक पुस्तकांसाठी येत. आता शंभरच्या शंभर पुस्तकांसाठीच येत होते. एवढं यश कोणत्याही ग्रंथालय-चळवळीला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

त्यात एकच अडचण होती. पुस्तक कोणी नेलं, की पार्श्वभूमीला भोक पडे. म्हणून नियम झाला : पुस्तक जागेवरून हलवू नये.

या नियमानंतरच्या शनिवारी हमदुल्लाचाचा आले. हातात कापडी पिशवी होती.

“बाय, तिसरा खंड दे. मी इथलं सगळं खलास करून जातोय. कंपनी बंद, व्हिसा बंद. पुढल्या रविवारचं तिकीट.”

कोकणातल्या गलबतवाल्या घराण्यावरची ती तीन खंडांची कादंबरी होती. पहिले दोन खंड त्यांनी मांडणी बदलण्याआधीच संपवले होते; मग कंपनीच्या कटकटींत येणं झालं नव्हतं. दुसऱ्याच्या शेवटी गलबत वादळात सापडलं होतं आणि नवरी भलत्याच गलबतात चढली होती. ते दोन खंड फिकट पडल्यामुळे खाली खोक्यांत गेले होते. तिसऱ्यापर्यंत फारसं कोणी पोहोचलं नसल्यामुळे त्याचा निळा रंग शाबूत होता, आणि कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याच्या उजव्या कानामागे तो बरोबर शोभून दिसत असे.

उर्मिलाने नियम सांगितला. सांगताना तिला चाचांकडे बघवेना, म्हणून ती कपाटाकडे बघत बोलली.

“म्हणजे तो हाय, पण देता येत नाय?” चाचांनी नीट समजून घेतलं.

“गावी मिळेल ना, चाचा?”

“गावच्या वाचनालयात आता एटीएम आहे. तेही बंद.” मग ते म्हणाले, “मी दोन महिने दर्यात आहे, बाय. त्या पोरीला कुठल्यातरी किनाऱ्याला लागलेली बघू दे.”

त्या दिवशी उर्मिला प्रथमच अध्यक्षांच्या केबिनमध्ये न विचारता शिरली.

“एक पुस्तक द्यायचंय मला. ग्रंथपाल आहे मी.”

“दे की, पण भोक? सोमवारी एका सीएची बँकेबरोबर मीटिंग आहे त्या जागेवर.”

“मग सीएला म्हणावं डोकं थोडं उजवीकडे घे. नाहीतर हा रिमोट घ्या.”

तिने रिमोट टेबलावर ठेवला. बाहेर उन्हाळा होता. अध्यक्ष रिमोटकडे बघत राहिले. ते वाईट माणूस नव्हते, आणि पुठ्ठ्याच्या धंद्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. तासाभरात त्यांनी खालून त्याच मापाचं, त्याच निळ्या रंगाचं, पाठीवर शीर्षक छापलेलं एक खोकं बनवून आणलं आणि खंडाच्या जागी सरकवलं. खंड चाचांना मिळाला. ते तो दोन्ही हातांनी धरून जिना उतरले.

प्रश्न इथे मिटायला हरकत नव्हती. पण अध्यक्ष कपाटाकडे टक लावून बघत होते. खोकं खंडापेक्षा चांगलं दिसत होतं. त्याला धूळ नव्हती, कसर नव्हती, वजन नव्हतं, आणि ते कोणी मागायला येणार नव्हतं. पोटमाळ्यावरचा भारही हलका होणार होता. मधल्या आठवड्यात सगळी कपाटं पुठ्ठ्याने भरली. काम लवकर व्हावं म्हणून एकेका फळीवरची पुस्तकं सलग एकाच पट्टीत बनवण्यात आली. मूळ पुस्तकं खाली फलाटावर गेली. उर्मिलाला हे शनिवारी, उद्घाटनाच्या दिवशी, जिना चढल्यावर कळलं. अध्यक्षांना वाटलं होतं, तिला सुखद धक्का बसेल.

उद्घाटन थाटात झालं. रंगवार कपाटांपुढे मुलं, पुस्तकाकडे बघणारी रिद्धी, अध्यक्ष, पुन्हा अध्यक्ष, असे मोठमोठे फोटो भिंतीभर लावले होते. ओवेसचे पहिले फोटो टाकवले नाहीत म्हणून स्वच्छतागृहाच्या बोळात लावले होते. रांग असल्यामुळे लोक तिथेच जास्त वेळ उभे राहिले, आणि दोघातिघांनी फोटोंखालच्या टिपाही वाचल्या. “हा रडतोय का?” एका बाईने अर्सलानच्या फोटोसमोर विचारलं. “वाचतोय,” मागच्या गृहस्थांनी सांगितलं.

प्रमुख पाहुण्यांना फोटोसाठी एखादा ग्रंथ हाती घेण्याची विनंती करण्यात आली. त्यांनी निळ्या फळीवरचा एक ओढला, तेव्हा ज्ञानेश्वरीवरचं भाष्य, मधुमेहींच्या पाककृती आणि आयकर कायद्यासकट सगळी फळी हातात आली. पाहुणे अनुभवी होते. फळी छातीशी धरून त्यांनी फोटो होऊ दिला, आणि भाषणात म्हणाले, “आज समाजाला अशा हलक्याफुलक्या साहित्याची नितांत गरज आहे.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या कडकडाटात हमदुल्लाचाचा जिना चढून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. पिशवीतून त्यांनी तिसरा खंड काढला.

“परत आणलात?” उर्मिलाने विचारलं. “न्यायचा होता की!”

“लायब्ररीचं पुस्तक घरी कसं नेणार, बाय?” ते कपाटाकडे वळले. खंड सरकवायला जागा शोधली. वरची फळी बघितली, खालची बघितली. “जागा भरली वाटतं.”

“भरली,” ती म्हणाली.

“बरं झालं.” त्यांनी मान डोलावली. लोकांनी खूप पुस्तकं दिलेली दिसतात, असं त्यांना वाटलं. तिने ते तसंच वाटू दिलं.

“नवरीचं काय झालं, चाचा?”

चाचा हसले. “सांगितलं तर तू वाचणार नाहीस.”

ते गेल्यावर उर्मिला खंड घेऊन खाली फलाटावर गेली. एसी नव्हता. पुस्तकांच्या खोक्यांची उतरंड लागली होती. एका खोक्यावर बसून तिने पहिलं पान उघडलं. इतकी वर्षं तिने या कादंबरीवर शिक्के मारले होते, विषय ठरवला होता, पाठ डकवली होती. वाचायला वेळ झाला नव्हता. घामाचा थेंब पानावर पडू नये म्हणून ती पदर कपाळाला लावून वाचत राहिली, आणि वरचं आभारप्रदर्शन संपलेलं तिला कळलं नाही.

अर्सलान फोनवरचं भांडण आटोपून आला. थोडा वेळ घुटमळला.

“मॅडम, कसलं आहे?”

“गलबतांचं. तिसरा खंड आहे.”

“मग पहिला?”

दोघांनी मिळून नऊ खोकी फोडली. पहिला खंड सापडला, दुसराही सापडला, आणि कुकरही सापडला. तेव्हापासून शनिवार-रविवार फलाटावर काही लोक खोक्यांवर बसलेले दिसतात. उकाड्यामुळे तिथे कोणी झोपत नाही. मंडळाने या अनधिकृत वाचनाबद्दल उर्मिलाला समज दिली आहे. पुठ्ठा भिजू नये, एवढी काळजी घेण्याचं तिने कबूल केलं आहे.

या सोहळ्याची ही स्मरणिका. तीत प्रत्येक देणगीदाराचा, पदाधिकाऱ्याचा आणि उपस्थिताचा फोटो, शक्य तिथे दोनदा, छापलेला आहे. ऐन वेळी एका जाहिरातदाराने माघार घेतल्यामुळे ही पानं मोकळी राहिली, आणि इथे काहीही छापलं तरी चालेल, असं ठरलं. स्मरणिका हाती आल्यावर माणूस स्वतःचा फोटो सापडेपर्यंत पानं उलटतो आणि सापडला की मिटून ठेवतो, असा मंडळाचा अनुभव आहे. तुम्ही इथपर्यंत वाचत आलात. तुमचा फोटो राहून गेला, याबद्दल मंडळ दिलगीर आहे.